तुडुमाचा फोटू

सुखराम कापगतेला आपल्या धंद्याचा भारी अभिमान होता आणि त्याच्या सासऱ्याला त्याच धंद्याची तेवढीच भारी लाज. दोघेही आपापल्या जागी ठाम होते. जावई गोंदियात, सासरा पार केशोरीच्या पलीकडे मोहटोल्यात, मध्ये छोट्या रेल्वेगाडीचा आणि बैलगाडीचा मिळून दिवसभराचा प्रवास. एवढं अंतर असलं की कोणाचंही कोणाशी जमतं, तसं या दोघांचं सात वर्षं जमलं होतं.

गोंदिया स्टेशनामागच्या गल्लीत सुखरामचं फोटोचं दुकान होतं, अर्धं छप्पर कौलांचं आणि अर्धं काचेचं. रेल्वेतले बाबू, विडीपत्त्याचे व्यापारी, लग्न ठरलेल्या पोरी, सगळे त्या काचेखाली खुर्चीवर ताठ बसून जायचे. पण त्याची खरी शेखी होती ती उजेडाच्या अंदाजाची. आभाळाकडे एकदा बघून तो सांगायचा, भिंगाचं भोक किती उघडायचं आणि झाकण किती वेळ काढून ठेवायचं. भोक मोठं केलं की उजेड भरपूर येतो, पण जवळचं तेवढं स्पष्ट आणि लांबचं सगळं धूसर. भोक बारीक केलं की जवळचं-लांबचं सारखंच स्वच्छ, पण मग उजेड थेंबाथेंबानं येतो, म्हणून झाकण तितका जास्त वेळ उघडं ठेवायचं. उजेड अर्धा तर वेळ दुप्पट, उजेड पाव तर वेळ चौपट. हा पाढा त्याला झोपेतसुद्धा म्हणता आला असता.

गावातले दुसरे दोन फोटोवाले पावसाळ्यात दुकानाला कुलूप घालायचे. सुखरामचं दुकान भर श्रावणात चालायचं, आणि गिऱ्हाइकानं कौतुक केलं की तो मान जराशी तिरकी करून म्हणायचा, "ये अंदाज़ा है, सेठजी. भगवान की देन है." आत, लाल कापड बांधलेल्या कंदिलाच्या उजेडात फोटोच्या काचेच्या प्लेटा धुण्याचं काम त्याची बायको रुख्मा करायची. तिचं कौतुक करायला आत कोणी जात नसे.

सासरा केशोराव मोहटोल्याचा पाणकर होता. तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांच्या गावात पाणकर म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगावं लागतं. तलावाचं पाणी कोणाच्या भाताच्या बांधीत कधी सोडायचं, किती सोडायचं, हे तो ठरवतो, आणि त्याच्या शब्दावर गावचा जमीनदार मालगुजारसुद्धा चूं करत नाही. तलावाच्या पाळीच्या, त्या मातीच्या बांधाच्या, पोटातून दगडी बोगदा काढलेला असतो, पाणी बाहेर यायला. त्याला म्हणतात तुडूम. मोहटोल्याचं तुडूम केशोरावच्या आज्याच्या आज्यानं बांधलेलं होतं. चुना नाही, शिसं नाही, दगडावर दगड. माणूस वाकून आत जाईल एवढं उंच आणि पन्नास हात लांब. पिढ्यान् पिढ्या त्यातून पाणी आलं आणि सात गावांनी भात खाल्ला. अशा घरातली पोरगी काळ्या कापडात मुंडकं घालणाऱ्याला दिली, हे केशोरावला कसं रुचावं? "मानसानं नांगर धरावा, नाई तं तराजू धरावा," तो चारचौघांत म्हणायचा. "हा पोट्टा पेटी धरते."

आणि सदतीस सालच्या वैशाखात त्याच केशोरावचं कार्ड आलं. शाळामास्तरांच्या अक्षरात एकच ओळ होती. जवाईबापूंनी फोटूची पेटी घेऊन रुख्मासोबत तातडीनं निघून यावं.

*

बुधवारी संध्याकाळी दोघं मोहटोल्याला पोचली. पाय धुवायला पाणी देता देताच केशोरावनं विषय काढला. त्याला गोल गोल बोलता येत नसे.

"पाटबंधाऱ्याचा साहेब आला होता नागपूरचा," तो म्हणाला. "म्हनते, तुडूम जुनं झालं, आत ढासळलं असंल. म्या म्हटलं, चला, दाखवतो. तं म्हनते, अंगावर दगड पडला तं? आत पाय नाई ठेवला त्यानं. बाहेरूनच पाहून म्हनते, सुरुंग लावून फोडतो अन लोखंडाचा पाइप टाकतो."

"पाइप कधी येईल, मामाजी?" सुखरामनं विचारलं.

"मंजुरी आली का."

मंजुरी ही काय चीज असते ते ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. मृग लागायला महिना राहिला होता. तुडूम फोडलं, पाइप आला नाही, तर पहिल्या मोठ्या पावसात पाळ त्या भोकातून फुटणार, तलाव रिकामा होणार आणि सात गावांची रोवणी बोंबलणार. केशोरावनं साहेबाला हे सगळं सांगितलं होतं. साहेब भला होता, ऐकून घेतलं, पण म्हणाला, पाटील, तुमच्या शब्दावर मी सही कशी करू? तेव्हा त्याच्यासोबतचा ओव्हरसिअर भैयाजी सहज बोलून गेला होता की आतला फोटो असता तर गोष्ट वेगळी होती. साहेबाचा मुक्काम केशोरीला होता. शनिवारी सकाळी तो सुरुंगाची जागा आखायला येणार होता.

"आजा, पंजा, खापरपंजा, कोनाच्याच शब्दावर कोनी कागद नाई मागितला," केशोराव म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "आता तुमची पेटी बोलंन तं बोलंन."

सुखरामची छाती त्या वाक्यानं वीतभर फुगली. सात वर्षं ज्या पेटीला नाव ठेवलं तिच्याच दारात म्हातारा उभा होता. "मामाजी, चिंता नोको," तो म्हणाला. "अंधाराचा हिशेब माझ्या हातचा मळ आहे."

हातचा मळ! माणसानं असं बोलू नये. बोललं की देव ऐकतो आणि कामाला लागतो.

*

गुरुवारी सकाळी देव सासूबाईंच्या रूपानं कामाला लागला. शकुंतलाबाई म्हणजे रुख्माची आई, अत्यंत मायाळू बाई. जावयाची हत्यारं पहिल्यांदाच घरात आली होती. नवं औत घरात आलं की त्याला हळदकुंकू लावल्याशिवाय शेतात न्यायचं नाही, हा घराचा रिवाज. पेटीला लावलं, तिपाईला लावलं, आणि मग त्यांना पुठ्ठ्याचा एक डबा दिसला. आत काळ्या कागदात गुंडाळलेल्या बारा काचा. त्यांनी अंगणात बसून, लख्ख उन्हात, एकेक काच बाहेर काढली, एकेकीला बोट बोट कुंकू लावलं, वर जास्वंदीची पाकळी ठेवली आणि पुन्हा होती तशी गुंडाळून ठेवली.

"सोन्यासारख्या काचा हायेत, बापू," त्या कौतुकानं म्हणाल्या. "एकीले बी नाई सोडलं."

प्लेटीला उजेडाचा कवडसा लागला तरी ती मेली, इथं तर बाराच्या बारा सवाष्णी होऊन बसल्या होत्या. जावयानं सासूवर ओरडायचं नसतं, हा नियम ज्यानं केला त्याला सुखरामनं मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. रुख्मा पदर तोंडात कोंबून कोठीत पळाली आणि बराच वेळ तिथून खिंकाळल्यासारखा आवाज येत राहिला.

गोंदियाहून निघताना उजेड न शिरणाऱ्या लाकडी चौकटीत भरून घेतलेल्या तीन प्लेटा तेवढ्या वाचल्या. तीनच.

पहिली त्यानं मॅग्नेशियमच्या भुकटीवर घालवली. तलाव तळाला गेल्यानं कोरड्या पडलेल्या तुडुमाच्या तोंडाशी कॅमेरा लावला, पत्र्यावर भुकटी ठेवली आणि पेटवली. भक्कन् उजेड झाला, धूर झाला आणि आतली दोनशे वटवाघळं सुखरामच्या डोक्यावरून बाहेर आली. बघायला जमलेल्या गावानं एवढी करमणूक दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतसुद्धा पाहिली नव्हती.

दुसऱ्या प्लेटीला त्यानं घाई केली नाही. धूर निवू दिला. गावातल्या बायांकडून पितळेच्या पराती मागवल्या, चिंचेनं घासायला लावल्या आणि सहा जणींना तोंडाबाहेर उन्हात उभं केलं, परातीवरचं ऊन आत फेकायला. तुडुमात आजवर ऊन गेलं नव्हतं. पिवळसर उजेड आतल्या दगडांवर पडला तसा केशोराव वाकून आत बघायला लागला. आत शेवटच्या टोकाला पणती ठेवून सुखरामनं भिंग जुळवलं. पन्नास हात सगळं स्पष्ट यायला हवं, म्हणून भोक बारीक केलं. मग हिशेब. तिरोड्याच्या एका देवळाच्या गाभाऱ्यात त्यानं वीस सेकंद दिली होती. इथं उजेड पाव, म्हणून चौपट. भोकातून येणारा उजेडही पाव, म्हणून पुन्हा चौपट. विसाची सोळापट, तीनशे वीस सेकंद. पाच मिनिटं आणि वर वीस. घड्याळ हातात धरून त्यानं झाकण काढलं आणि बरोबर तितक्याच वेळानं बसवलं. एक सेकंद इकडे नाही, एक सेकंद तिकडे नाही.

*

धान्याच्या कोठीला खिडकी नव्हती. रुख्मानं दाराच्या फटीत चिंध्या भरल्या, कंदिलाला लाल कापड बांधलं, रांजणातलं गार पाणी घेतलं. वैशाखात पाणी कोमट असलं तर प्लेटीवरचा थर साईसारखा सुटून येतो. तिनं दोन्ही प्लेटा चित्र उमटवणाऱ्या मसाल्यात घातल्या आणि थाळी हलवत बसली.

पहिल्या प्लेटीवर तोंडाजवळचे चार दगड आले आणि मागे धूर. दुसरीवर तोंडाची कमान आली. नुसती कमान. आतलं पन्नास हात तुडूम कोऱ्या काचेसारखं राहिलं.

"अजून ठेव," सुखराम म्हणाला.

"ठेवली. आता जे हाये ते हाये."

"हिशेब बरोबर होता. पाहिजे तर पुन्हा करून दाखवतो. वीस गुणिले सोळा…"

"हिशेब बरोबरच हाये," रुख्मा म्हणाली. "पन प्लेटीले तो कुठं मालूम हाये?"

तो चिडला. चिडणारच. उद्याचा शुक्रवार, परवा साहेब, हातात एक प्लेट, आणि बायको थट्टा करतेय. पण रुख्मा थट्टा करत नव्हती. तिनं थाळी खाली ठेवली.

"एक सांगू का? राग नका मानू," ती म्हणाली. "पावसाच्या दिवसात दुकानात तुमच्या साऱ्या प्लेटा अशाच पातळ येतात. उजेड अर्धा म्हनून तुमी दुप्पट वेळ देता, पन माह्या हातात प्लेट येते ते उपाशीच येते. मी तिले मसाल्यात जास्त ठेवते. कधी मसाला जरासा कोमट करते. सात वर्सं झाले, असंच करून राहिली."

कोठीत धानाचा वास होता आणि दोघांच्या मध्ये लाल कंदील. सुखरामला वाटलं, कोणीतरी पायाखालची तिपाई काढून घेतली. श्रावणातलं ते दुकान, ती तिरकी मान, तो अंदाजा, ती भगवान की देन. सगळं या आतल्या थाळीत शिजत होतं आणि तो बाहेर काचेखाली मिशीवर हात फिरवत होता. त्याला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. लाल उजेडात दिसलं नाही इतकंच.

"मग आजवर काऊन नाही सांगितलं?" त्यानं विचारलं. गोंदियाच्या शहरी बोलीत घडी बसलेली त्याची जीभ अशा वेळी गावावर यायची.

"तुमी गिऱ्हाइकासमोर इतके खुश होऊन बोलत होते," रुख्मा म्हणाली. "मले आवडे ते ऐकाले. कायले सांगू?"

यावर नवऱ्यानं काय बोलायचं असतं ते कोणी शिकवलेलं नसतं. मग धंद्याचा माणूस जागा झाला.

"पण असं का होतं? अर्ध्या उजेडाला दुप्पट वेळ, हे चुकतं कुठं?"

"मले तुमचं नाई समजत. धानाचं समजते," ती म्हणाली. "उकडलेला उसना धान कडक उन्हात दीड दिवसात वाळते. ऊन अर्धं असलं तं तीन दिवसात वाळाले पायजे ना? नाई वाळत. पाच दिवस लागतात. अन ऊन पाव असलं तं आठ-पंधरा दिवस उलथत बसा. थोडं ऊन पुरतं कामी येतच नाई, त्यातलं निम्मं वायाच जाते. प्लेट बी तशीच असंल. अंधार जितका जास्त, तितका वेळ हिशेबाच्या वर द्या."

"किती वर?"

रुख्मानं ती पातळ प्लेट पुन्हा उचलली, कंदिलासमोर तिरपी धरली, आईनं भाताचं शीत दाबून बघावं तशी बघितली. "चौपट," ती म्हणाली. "एकवीस-बावीस मिनिटं."

"बावीस! आणि जास्त झालं, प्लेट काळी पडली तर?"

"जास्त झालं तं मी मसाल्यात पाहून घेईन. कमी पडलेलं मी कुठून आनू?"

सुखरामनं आयुष्यात खूप गोष्टी विकत आणलेल्या पुस्तकांत वाचल्या होत्या. प्लेटांच्या डब्यात विलायतेतल्या देवळांच्या आतल्या उजेडाचं कोष्टक यायचं, तेही त्याला पाठ होतं. त्या कोष्टकापेक्षा त्याला त्या क्षणी आपली बायको जास्त पटली. आणि पटल्याबरोबर त्याला तिचा असा काही अभिमान वाटला की कोठीचं दार उघडून पाळीवर जाऊन ओरडावं. पण अजून फोटो व्हायचा होता.

*

शुक्रवारी सकाळी आणखी एक गोष्ट निघाली. नुसते दगड दिसले तर साहेबाला तुडूम केवढं ते कळणार कसं? आत माणूस बसायला हवा. आणि माणूस बसणार तर तो बावीस मिनिटं हलता कामा नये, नाही तर दगडांत भूत बसल्यासारखं दिसेल.

"मी बसतो," केशोराव म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. केशोराव म्हणजे जेवता जेवता दोनदा उठून गोठ्यात जाऊन येणारा माणूस. पुराण ऐकायला बसला तर पुराणिकाला घाम फुटायचा.

"बावीस मिनिटं, मामाजी. मानसुद्धा हलवायची नाही."

"माह्या आज्याच्या आज्याचं तुडूम इतक्या वर्सांत हाललं नाई," केशोराव म्हणाला, "अन मी त्याच्यात घडीभर नाई बसून राहीन?"

तो आत गेला. मधोमध एका दगडावर बसला, पाठ भिंतीला, उंचीचं माप म्हणून बांबूची काठी समोर उभी धरली, दोन्ही हात काठीवर. बाहेर परातीवाल्या आता सहाच्या अकरा झाल्या होत्या. रुख्मा त्यांच्यामध्ये फिरत होती. "एका जागी नका धरू वं," ती सांगत होती. "हलवत राहा. चाळनी हलवता तसं. एकाच दगडावर ऊन पडलं तं बाकीचे उपाशी राहतीन." अकरा पराती मंद मंद हलायला लागल्या आणि तुडुमात सगळीकडे सारखा उजेड पसरला. सुखरामनं भोक कालच्याइतकंच बारीक ठेवलं, झाकण काढलं आणि घड्याळ बघितलं.

पाच मिनिटं झाली. काल इथंच झाकण बसवलं होतं, आज हात खिशात घट्ट धरून ठेवावा लागला. आठ झाली. परातीवाल्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, पण कोणी हात खाली केला नाही. बारावं मिनिट सरता सरता ऊन गेलं.

वैशाखातला एक भटका ढग, गाडीभर कापसाएवढा. पण सूर्यावर बरोबर येऊन बसला. पराती विझल्या. तुडूम काळं झालं. सुखरामनं धावत जाऊन झाकण बसवलं आणि आत ओरडला, "मामाजी, हलू नका! ढग आहे. ऊन येऊ द्या. बारा झाली, दहा बाकी आहेत!"

आतून उत्तर आलं नाही. उत्तर द्यायला तोंड हलवावं लागतं.

अख्खं गाव मान वर करून त्या ढगाकडे बघत उभं राहिलं. ज्या गावाचे डोळे ढगासाठी आसुसलेले असतात, ते गाव एका ढगाला शिव्या देत होतं. शकुंतलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ढगाला "मेल्या, जा ना" म्हटलं आणि लगेच गालावर चापट मारून घेतली. पाच मिनिटं गेली, सात गेली. काळोखात म्हातारा बसलाय की उठलाय, कोणाला काही दिसत नव्हतं. तो वीतभर सरकला असेल तर शेवटची प्लेट संपली होती.

मग ऊन आलं. अकरा पराती एकदम पेटल्या. आणि पिवळ्या उजेडात केशोराव दिसला, पाठ भिंतीला, हात काठीवर, हनुवटी तितकीच वर, जणू त्यालाही कोणी आज्याच्या आज्यानं दगडात बसवून ठेवलं होतं. सुखरामनं झाकण काढलं. उरलेली दहा मिनिटं त्यानं घड्याळापेक्षा त्या म्हाताऱ्याकडेच जास्त बघितलं. सासऱ्याबद्दल आपल्याला इतकी माया आहे हे त्याला तोवर माहीत नव्हतं.

झाकण बसलं. "झालं, मामाजी!"

केशोराव उठेना. पाय बधिर झाले होते. दोघांनी धरून बाहेर आणला तेव्हा त्याच्या हातावर, कानावर, मानेवर डासांनी चावून गांधी उठवल्या होत्या.

"भयान डास हायेत बापा आत," तो म्हणाला. "हे साहेबाले नोको सांगू."

*

कोठीत रुख्मानं ती प्लेट मसाल्यात घातली आणि सुखरामला म्हणाली, "तुमी बोलू नका आता." तो बोलला नाही. तिनं थाळी इकडून तिकडे, तिकडून इकडे हलवली. आधी कमान आली. मग तिच्या मागचा दगड, मग त्याच्या मागचा. एकेक करून दगड काळोखातून पुढे येत होते, जसे काही हाक मारल्यावर येतात. मग काठी आली, काठीवरचे हात आले, चेहरा आला. सुखरामला वाटलं आता पुरे, आता काढावी, पण रुख्मानं मानेनं नको म्हटलं, आणखी थोडं थांबली आणि मगच उचलली. शेवटच्या टोकापर्यंत एकेक सांधा मोजून घ्यावा असा आला होता. कुठं ढासळलेलं नव्हतं. कुठं फटसुद्धा नव्हती.

रुख्माला रडू आलं. "आपलं तुडूम," ती म्हणाली. घर सोडून सात वर्षं झाली होती तरी ती आपलंच म्हणाली.

*

शनिवारी साहेब आला तो भैयाजी, फिती आणि खुंट्या घेऊनच. केशोरावनं प्लेटीवरून कागदावर उतरवलेला फोटो त्याच्या हातात दिला. साहेबानं आधी नुसता बघितला. मग चष्मा काढून, डोळ्याजवळ धरून बघितला. मग खिशातून नकाशे वाचायचं भिंग काढलं आणि पाळीवरच्या मोहाच्या झाडाच्या सावलीत उकिडवा बसून एकेक दगड बघत राहिला. भैयाजीच्या हातातल्या खुंट्या हळूच जमिनीवर टेकल्या.

"चुना नाही," साहेब शेवटी म्हणाला. "आणि एक दगड हललेला नाही. हे आम्हाला आज जमणार नाही." त्यानं वर बघितलं. "हा फोटो कोणी काढला?"

"माह्या जवाईनं," केशोराव म्हणाला. इतक्या मोठ्यानं म्हणाला की तलावातली बदकं उडाली. "गोंदियाचे फोटूवाले हायेत. सुखरामबापू."

सात वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो असा भर गावात, साहेबासमोर मिळाला. सुखरामनं तो घेतला. मनापासून घेतला.

"मीही थोडेफार फोटो काढतो," साहेब म्हणाला. "एवढ्या अंधारात असा फोटो मी पाहिलेला नाही. किती वेळ दिला?"

"बावीस मिनिटं."

"बावीस? कोष्टकाप्रमाणे पाच-सहा मिनिटं होतात. हे कुठल्या पुस्तकात आहे?"

आता इथं सुखरामला मान जराशी तिरकी करता आली असती. ते वाक्यही तयार होतं, सात वर्षांच्या सवयीनं जिभेच्या टोकाशी आलेलं. त्या काळी चारचौघांत, वडीलधाऱ्यांसमोर, नवरा बायकोचं नाव घेत नसे. घरातली म्हणायचा, पोराची आई म्हणायचा. सुखरामनं डोक्यावरची टोपी नीट केली.

"पुस्तकात नाही, साहेब," तो म्हणाला. "मी पुस्तकाप्रमाणे केलं ते चुकलं. ही बावीस मिनिटं माझ्या बायकोनं सांगितली. प्लेट तिनं धुतली. तिचं नाव रुख्मा."

बायांच्या घोळक्यात कोणीतरी "अगं बाई" म्हटलं. रुख्मानं पदर नाकापर्यंत ओढला, पण पदराखाली ती हसत होती हे शेजारच्या चौघींना दिसलं. केशोराव जावयाकडे बघत राहिला, मग लेकीकडे. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

साहेबानं फोटो काळजीपूर्वक फायलीत ठेवला. भैयाजीला सांगितलं, लिहा, तुडूम शाबूत, सुरुंग रद्द. भैयाजी लिहीपर्यंत गावानं जो गलका केला तो केशोरीपर्यंत गेला असेल. साहेब हसला, कोट काढून भैयाजीकडे दिला आणि बाह्या वर सारल्या. "आता भीती नाही," तो म्हणाला. "मला आत जाऊन हात लावून बघायचंय. चला पाटील, वाट दाखवा."

तुडुमात पहिलं पाऊल पाणकराचं. मालगुजार असो, साहेब असो, पाणकराच्या मागून जायचं. केशोरावनं कंदील पेटवला, तोंडाशी गेला, वाकला, आणि तिथंच थांबला. मग वळून त्यानं कंदील बायांच्या घोळक्याकडे पुढे केला.

"रुख्मा," तो म्हणाला, "हो पुढं. आम्ही येतो तुह्या मागून."